दात हाडात पक्का बसलेला असतो, तर तारा लावल्यावर तो सरकतो कसा?

दात हाडाला चिकटलेला असता तर तो सरकलाच नसता. तो हाडात टांगलेला असतो, म्हणून सरकतो. मी दंतवैद्य आहे आणि तारा लावायला आलेल्या मुलांकडून हा प्रश्न मला नेहमी येतो.

तोंडात दिसणाऱ्या भागावर इनॅमलचं कवच असतं. वजनाने ते सुमारे 96 टक्के खनिज आहे, शरीरात त्याहून कठीण काही नाही. त्याच्या आत डेंटिन, आणि डेंटिनच्या पोटात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गाभा, ज्याला आपण नस म्हणतो. सरकण्याशी या तिघांचा संबंध नाही. रूट कॅनाल करून नस काढलेला दातसुद्धा तारांनी छान सरकतो.

खरं काम चालतं मुळापाशी. मुळावर इनॅमल नसतं, सिमेंटम नावाचा हाडासारखा पातळ थर असतो. हे मूळ जबड्याच्या खोबणीत बसतं, पण खोबणीच्या भिंतीला टेकत नाही. मध्ये साधारण 0.2 मिलिमीटरची फट राहते आणि त्या फटीत पेरिओडॉन्टल लिगामेंट असतं: कोलॅजनच्या असंख्य तंतूंचं जाळं, एक टोक सिमेंटममध्ये रुतलेलं, दुसरं हाडात. या रुतलेल्या टोकांना विल्यम शार्पी या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून शार्पीचे तंतू म्हणतात. बहुतेक तंतू तिरपे असतात, हाडाकडचं टोक हिरडीच्या बाजूला आणि दाताकडचं टोक मुळाच्या शेंड्याकडे. झोळीच आहे ती. आपण चावतो तेव्हा दात झोळीत किंचित दबतो, तंतू ताणले जातात आणि हाडावर घाव न बसता ओढ बसते. मला तर सगळ्या दातात हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

आता तार. तिने दात एका बाजूला हलकासा ढकलला की त्या बाजूचं लिगामेंट दाबलं जातं आणि समोरच्या बाजूचं ताणलं जातं. दाबलेल्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी जमतात आणि भिंत मागे सरते. ताणलेल्या बाजूला हाड बनवणाऱ्या पेशी नवा थर चढवतात. म्हणजे दाताबरोबर त्याची खोबणही सरकते. वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटर.

‘जरा जोरात आवळा, लवकर होईल,’ असं मुलं म्हणतात. होतं उलटंच. जोर जास्त झाला की लिगामेंटमधल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात, रक्त पोचत नाही आणि तिथला ऊतीचा तुकडा मरतो. तो साफ होईपर्यंत दात अडून बसतो, वर मुळाचा शेंडा झिजण्याचा धोका वाढतो. तार बदलल्यावर पहिले दोन-तीन दिवस चावताना जे दुखतं, तेही या लिगामेंटचंच दुखणं.

लिगामेंट नसेल तर काय होतं हे इम्प्लांटमध्ये, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी बसवलेल्या कृत्रिम मुळात, दिसतं. टायटॅनियमचा स्क्रू हाडाशी थेट जुळून येतो, मध्ये फट नाही की तंतू नाहीत, म्हणून कितीही तारा लावल्या तरी तो जागचा हलत नाही. दुधाचा दात किंवा मार लागलेला दात कधीकधी असाच हाडाशी जुळून जातो. तोही मग सरकत नाही.

तारा लावण्याआधी मी हिरड्या तपासतो ते याच कारणासाठी. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली खाच 1 ते 3 मिलिमीटर खोल असते. ती बरीच खोल असेल, हिरडीतून रक्त येत असेल, तर तंतूंना धरायला हाड आधीच कमी उरलेलं असू शकतं. सूज असताना दात ढकलला तर उरलेलं हाडही झपाट्याने जातं. आधी हिरड्यांचा उपचार, मग तारा.

तारा काढल्यावर रिटेनर, म्हणजे दातांना नव्या जागी धरून ठेवणारं साधन, टाळू नका, ही माझी कळकळीची विनंती. खोबणीतले तंतू तीन-चार महिन्यांत नव्या जागी बसतात, पण दाताच्या मानेभोवती हिरडीत जे तंतू असतात ते वर्षभरही ताणलेलेच राहू शकतात. तेवढा काळ ते दाताला जुन्या जागी ओढत असतात.