जिन्यातली शिवी वहीत उतरव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ जागी होते. तू रडली असतीस तर मला एवढी काळजी वाटली नसती. अगदी सपाट आवाजात सांगितलंस, की वरच्या मजल्यावरचा माणूस जिन्यात आडवा उभा राहिला, तुला आणि आईला 'तुमच्या देशात परत जा' म्हणाला आणि तुम्ही उतरायला लागल्यावर मागून थुंकला. शेवटी म्हणालीस, "मावशी, उद्या मीच वर जाते आणि त्याला चांगलं सुनावते." तुझ्या त्या वाक्यामुळेच हे पत्र लिहायला बसले.

वर जाऊ नकोस. घाबरून राहा असं मी सांगत नाही. पण ज्या दिवशी तू त्याच्या दारात जाऊन ओरडशील, त्या दिवशी लँडलॉर्डच्या (घरमालक संस्थेच्या) हाउसिंग ऑफिसरकडे दोन तक्रारी होतील, एक तुझी आणि एक त्याची. मग फाइलवर 'शेजाऱ्यांमधला वाद' असं लिहिलं जातं आणि सगळा भार दोघांवर सारखा वाटला जातो. तुझ्या टेनन्सी (भाडे) करारातही शेजाऱ्यांना उपद्रव न देण्याची अट आहे, जशी त्याच्या करारात आहे. त्याने मोडलेली अट रागाच्या भरात तू मोडू नकोस.

त्या माणसाला सुधारायचं काम तुझं नाही गं. त्याचा आणि तुझा लँडलॉर्ड एकच आहे. त्याच्याशी करार लँडलॉर्डने केलाय आणि तो करार पाळायला लावण्याची ताकद कायद्याने लँडलॉर्डच्या हातात दिली आहे. इथे इंग्लंडमध्ये 2014 च्या अँटी-सोशल बिहेवियर (इतरांना त्रास देणारं वागणं) कायद्याखाली तो कोर्टातून मनाईहुकूम आणू शकतो. मारहाण किंवा धमकी असेल तर त्या हुकुमाला अटकेचा अधिकारही जोडता येतो. तुझं काम एवढंच, की लँडलॉर्डला हात झटकायला जागा ठेवायची नाही.

हे मला फार उशिरा कळलं. मी हाउसिंग असोसिएशनच्या (परवडणारी घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेच्या) फ्लॅटमध्ये होते तेव्हा शेजारच्या घराने दोन वर्षं आमची झोप उडवली होती. मी फोन करायचे, पलीकडची मुलगी गोड बोलायची, "नोंद केली आहे" म्हणायची आणि मला वाटायचं की कुठेतरी फाइल जाड होत असेल. मग एका निवृत्त गृहस्थांनी, आमच्याच ब्लॉकमधल्या, मला विचारलं, "तुमची फाइल कधी पाहिली आहे का?" आपल्याबद्दलची माहिती लेखी मागण्याचा हक्क डेटा संरक्षण कायद्याने प्रत्येकाला आहे आणि साधारण महिन्याभरात ती द्यावी लागते, हे त्यांनीच सांगितलं. मी मागवली. दोन वर्षांच्या इतक्या फोनांमधून फाइलमध्ये चार ओळी होत्या. त्यातली एक होती, 'भाडेकरू आवाजाबद्दल नाराज, सल्ला दिला.' ते वाचून मला शेजाऱ्यांपेक्षा त्या चार ओळींचा संताप आला. त्या दिवसापासून मी फोनवर विसंबले नाही. फोन केलाच, तर ठेवल्याबरोबर ईमेल पाठवायचे, 'आत्ता आपलं अमुक बोलणं झालं, आपण अमुक करणार म्हणालात.'

एकेक घटना सुटी राहिली तर काय होतं, याची एक गोष्ट या देशाला ठाऊक आहे. लेस्टरशायरमध्ये एका आईला आणि तिच्या अपंग मुलीला गल्लीतली पोरं वर्षानुवर्षं छळत होती. पोलिसांना तिशीच्या वर फोन गेले होते, पण प्रत्येक फोन स्वतंत्र आणि किरकोळ समजला गेला. 2007 मध्ये त्या आईने हार मानली, आणि त्या दोघींचा मृत्यू झाला. 2009 च्या चौकशीत ज्युरीने पोलीस आणि स्थानिक कौन्सिलांच्या (इथल्या नगरपालिकांसारख्या संस्थांच्या) ढिलाईवर बोट ठेवलं. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. पुढे कायद्यात जो बदल झाला, ज्याच्याबद्दल खाली लिहिते, त्याच्यामागे अशी माणसं आहेत, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

तर वही. आजच घे. प्रत्येक नोंदीत तारीख, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, जागा, काय झालं, कोणी पाहिलं किंवा ऐकलं, आणि तुमच्यावर काय परिणाम झाला. 'रात्रभर छळ' ही नोंद नव्हे. '11:40 ते 1:15, वरून जमिनीवर जड वस्तू आपटण्याचा आवाज, दर दोन-तीन मिनिटांनी. आई दोनदा उठली. मी सकाळी कामावर उशिरा पोहोचले' ही नोंद. परिणाम लिहायला विसरू नकोस, कारण किती त्रास झाला हे अंदाजाने कोणी ठरवत नाही. आईचं औषध वाढलं असेल तर जीपीकडून, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडून, तेवढं लेखी घे.

आणि शिवी जशीच्या तशी लिही. आपल्याला ते जमत नाही, मला माहीत आहे. मी वहीत 'घाणेरडं बोलला' असं लिहायचे, हात पुढे जायचाच नाही. पण 'घाणेरडं बोलला' वाचून ऑफिसरला काहीच कळत नाही आणि कोर्टात तर त्याला काडीचा अर्थ नाही. तो ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत, त्याच शब्दांत लिही. ते शब्द त्याचे आहेत, लाज त्याची आहे. झालं त्याच दिवशी लिही, आठवड्याने आठवून नको.

एक फरक मात्र स्वतःशी नीट कर. वरच्या मजल्यावर मूल धावतं, कोणी उशिरा अंघोळ करतं, चालण्याचा आवाज येतो, हे ऐकून जीव विटला तरी तो छळ नव्हे. 1999 मध्ये लंडनच्या साउथवर्कमधल्या कौन्सिल भाडेकरूंची केस हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत, गेली होती. जुन्या फ्लॅटांच्या भिंती-फरशांतून शेजाऱ्यांचं सगळं जगणं ऐकू यायचं. कोर्टाने म्हटलं की रोजच्या साध्या जगण्याचा आवाज हा उपद्रव ठरत नाही. मला तो निकाल भाडेकरूंवर कठोर वाटतो, पण तो आहे. म्हणून वहीत पावलांचे आवाज आणि मुद्दाम आपटणं एकत्र करू नकोस. दहा कच्च्या नोंदींमुळे दोन पक्क्या नोंदीही पातळ होतात. मोठ्याने संगीत, रात्रीच्या पार्ट्या असं काही असेल तर कौन्सिलच्या एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ विभागालाही कळव. ते 1990 च्या कायद्याखाली आवाज थांबवण्याची नोटीस काढू शकतात.

जिन्यातल्या प्रकाराचं आवाजाशी काही देणंघेणं नाही. ते पोलिसांचं काम आहे. आत्ता, समोर धोका असेल तर 999. होऊन गेलं असेल तर 101, किंवा ऑनलाइन. बोलताना 'हेट क्राइम' (द्वेषातून केलेला गुन्हा) हा शब्द तू स्वतः वापर. पोलिसांच्या तपासाची चौकशी करणाऱ्या 1999 च्या मॅकफर्सन अहवालाने सांगितलं, की ज्याच्यावर बेतलं त्याला किंवा दुसऱ्या कोणालाही घटना वंशद्वेषी वाटली, तर ती वंशद्वेषी घटना मानायची. म्हणजे ते सिद्ध करून मग फोन करायचा नसतो. रेफरन्स नंबर मागून घे, वहीत लिही आणि त्याच दिवशी तो नंबर लँडलॉर्डला ईमेलने पाठव. पोलिसांना एक आणि लँडलॉर्डला दुसरं माहीत, असं होऊ देऊ नकोस. दोनदा किंवा अधिक वेळा मुद्दाम त्रास दिला तर 1997 च्या छळविरोधी कायद्याखालीही तो गुन्हा ठरू शकतो, म्हणून दुसऱ्या वेळी 'मागच्यासारखंच झालं' असं मोघम न सांगता आधीचा नंबर दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे जवळजवळ सगळे भाडेकरू फसतात, मीही फसले. शेजाऱ्याबद्दल कळवणं आणि लँडलॉर्डबद्दल तक्रार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तू आतापर्यंत सहा वेळा 'कळवलं' आहेस. त्याचं काही झालं नाही, तर सातव्यांदा कळवून काही होणार नाही. आता तक्रार कर, आणि ती शेजाऱ्याची नको. ती लँडलॉर्डने काय केलं नाही याची हवी. पहिल्याच ओळीत लिही, 'ही अधिकृत तक्रार आहे, स्टेज वन म्हणून नोंदवावी.' मग लिही की अमुक तारखांना कळवलं, अमुक उत्तर आलं किंवा आलं नाही, तुमच्या स्वतःच्या धोरणात अमुक लिहिलं आहे. हे धोरण प्रत्येक सामाजिक लँडलॉर्डला, म्हणजे कौन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनला, प्रसिद्ध करावं लागतं आणि त्याचा सारांश मागितल्यावर फुकट द्यावा लागतो. तो मागव आणि पेन्सिल घेऊन वाच. 'जोखीम तपासू', 'कृती आराखडा करू', 'भाडेकरूला वेळोवेळी कळवू' असं काही त्यात सापडेल. तुझ्या बाबतीत त्यातलं काय झालं, तेवढंच विचार.

इंग्लंडमध्ये 1 एप्रिल 2024 पासून तक्रार हाताळण्याची नियमावली सगळ्या सामाजिक लँडलॉर्डना कायद्याने बांधील आहे. 5 कामाच्या दिवसांत पोच, त्यानंतर 10 कामाच्या दिवसांत स्टेज वनचं उत्तर. ते पटलं नाही तर स्टेज टू, पोच दिल्यापासून 20 कामाच्या दिवसांत उत्तर. त्यानेही समाधान झालं नाही, तर शेवटच्या उत्तरापासून 12 महिन्यांच्या आत हाउसिंग ओम्बड्समनकडे, म्हणजे लँडलॉर्डविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे. पूर्वी त्यासाठी खासदार किंवा नगरसेवकामार्फत जा, नाहीतर आठ आठवडे थांबा असं होतं; ते ऑक्टोबर 2022 पासून संपलं. ओम्बड्समन शेजारी खरा की तू खरी हे ठरवत नाही. लँडलॉर्ड नीट वागला का, हे बघतो, आणि भरपाई देण्याचा आदेशही देतो. तिथे तुझी वही आणि ईमेल बोलतील, तुला फारसं बोलावं लागणार नाही.

याच्या जोडीला आणखी एक दार आहे, ज्याबद्दल तुला आपणहून कोणी सांगणार नाही. एएसबी (अँटी-सोशल बिहेवियर) केस रिव्ह्यू, म्हणजे प्रकरणाची फेरतपासणी, पूर्वीचं नाव कम्युनिटी ट्रिगर. 2014 च्या त्याच कायद्याने आलेलं. सहा महिन्यांत तीन वेळा कळवून दाद लागली नसेल तर तू हा रिव्ह्यू मागू शकतेस. काही ठिकाणी अट याहून सोपी आहे, पण याहून कडक असू शकत नाही. मात्र प्रत्येक घटना महिन्याभरात कळवलेली हवी. मग कौन्सिल, पोलीस, आरोग्यसेवा आणि हाउसिंग असोसिएशन यांना एकत्र बसून तुझी सगळी प्रकरणं एकाच टेबलावर ठेवावी लागतात. लेस्टरशायरच्या त्या आईसाठी हे टेबल नव्हतं. आज ते आहे, आणि ते मागायला संकोच करू नकोस.

मध्यस्थीसाठी बसायला सांगतील. टीव्हीच्या आवाजावरून कुरबुर असेल तर जरूर बसावं, माझ्या ओळखीत एक-दोन भांडणं त्याने खरंच मिटली आहेत. पण जो माणूस तुझ्या आईच्या मागे थुंकला त्याच्यासमोर बसायला तू 'नाही' म्हणू शकतेस. का नाही, ते लेखी दे म्हणजे 'सहकार्य केलं नाही' असा शेरा पडणार नाही.

भाडं थांबवायचा विचार बोलून दाखवलास, तो आजच सोड. थकबाकी झाली की घर जाण्याची टांगती तलवार तुझ्यावर येते, त्याच्यावर नाही. किल्ल्या देऊन निघून जाण्याचंही तसंच. सल्ला न घेता टेनन्सी सोडलीस तर कौन्सिल म्हणू शकते की तू स्वतःहून बेघर झालीस. मारहाणीची खरी भीती असेल तर कायदा वेगळा विचार करतो, पण तेव्हाही किल्ली देण्याआधी शेल्टर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थांना फोन कर. घर बदलायचंच असेल तर लँडलॉर्डकडे मॅनेजमेंट ट्रान्सफर (त्यांच्याच दुसऱ्या घरात बदली) मागता येतं, किंवा दुसऱ्या भाडेकरूशी अदलाबदल, लेखी परवानगीने. हे पळून जाणं नाही. आईची झोप परत मिळत असेल तर मी तुला कधी दोष देणार नाही. आणि जिन्यात कॅमेरा लावायचा झाला तर आधी परवानगी माग. सामाईक जागेचं चित्रण केलं की डेटा कायद्याची बंधनं तुझ्यावर येतात.

त्याला घरातून काढतील का, असं तू विचारलंस. काढू शकतात, पण लवकर नाही. कोर्ट शेवटचा उपाय म्हणून त्याकडे बघतं आणि तो माणूस आजारी असेल, व्यसनी असेल, तर लँडलॉर्डला त्याच्या हक्कांचाही विचार करावा लागतो. तसं असावंही, उद्या आपल्यापैकी कोणी त्या जागी असेल. त्याच्या आजाराची काळजी घेणारे लोक वेगळे आहेत. तू ती डोक्यावर घेऊ नकोस. तू आग्रह धर तो मनाईहुकुमाचा. तो फार लवकर मिळू शकतो, तातडीचं असेल तर समोरच्याला आधी न कळवताही. आणि साक्षीला उभं राहायची भीती वाटत असेल तर ऑफिसरला सांग. दिवाणी कोर्टात दुसऱ्याने सांगितलेलं ऑफिसरने मांडलं तरी ते विचारात घेतलं जातं, म्हणून घाबरलेले शेजारीही नाव न सांगता माहिती देऊ शकतात. तळमजल्यावरच्या त्या आजींना विचार, त्यांनीही ऐकलं असणार.

शनिवारी मी येते. तोपर्यंत सहा फोनांच्या तारखा मोबाइलच्या कॉल लॉगमधून काढून ठेव, जुने कॉल पुसले जायच्या आत. स्टेज वनचं पत्र आपण दोघी बसून लिहू. आईला सांग, जिन्यातून जाताना दोघींनी बरोबरच जायचं, आणि परवाचं जे झालं ते तिने तिच्या शब्दांत, मराठीत का होईना, कागदावर लिहून ठेवायचं. भाषांतर मी करते.

तुझी,
मावशी