पाटल्या आत्ता देऊ नकोस

चि. यास,

तुझा निरोप वाचला. काकांनी मृत्युपत्रात व्यवस्थापक, म्हणजे त्यांच्यामागे देणी-वाटणी पार पाडणारा, म्हणून तुझं नाव घातलंय आणि तेराव्यालाच थोरल्याने आपल्या वाट्याच्या पाटल्या मागितल्या. देऊ का, विचारतोस. अरे, देऊ नकोस! देणी फिटल्याशिवाय वाटणी नाही.

नाव आलं म्हणून काम घ्यायलाच हवं असं नाही. नको असेल तर आत्ताच लेखी नकार दे. एकदा बँकेतून पैसे उचललेस, ऊसबिल वसूल केलंस, की अंग काढून घेता येत नाही.

घेणार असशील तर आधी वही घाल. सोसायटीचं पीककर्ज, उसनवारी, तारणातलं सोनं, कारखान्याकडचं येणं, सगळं तिच्यात उतरव. पाटल्या सोनाराकडे काकूंसमोर तोलून घे, वजनाची चिठ्ठी वहीत चिकटव. त्या नेमक्या कुणाच्या, हेही काकूंनाच विचार. त्यांचं स्त्रीधन असेल तर काकांना ते कुणालाच लिहून देता येत नाही. वडिलोपार्जित शेतातही काकांचा फक्त आपला हिस्सा. उतारा काढून बघ.

मग देणी. अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च पहिला, त्यानंतर कोर्टखर्च, गड्याची शेवटच्या तीन महिन्यांची मजुरी, आणि मग बाकीची कर्जं. हा क्रम १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचा आहे. पाटल्या देऊन बसलास आणि उद्या सोसायटीची नोटीस आली, तर भरपाई तुझ्या खिशातून जाईल. काकांच्या मृत्यूपासून वर्षभर कुणाला वाटा द्यायला कायदा तुला भाग पाडत नाही. भाऊ रुसला तर रुसू दे. मला लोक कडक म्हणतात, म्हणोत. वेळेवर 'नाही' म्हणायचं धैर्य मला फार उशिरा आलं, तुला ते आजच हवंय.

आपल्या भागातली मेख वेगळी. मृत्युपत्र मराठीत, म्हणून प्रोबेटच्या, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र खरं ठरवून घेण्याच्या, अर्जाला भाषांतर जोडावं लागेल. कोर्टाचा भाषांतरकार असेल तर त्याच्याकडूनच करून घे. शिवाय एक शेत चंदगडला, म्हणजे महाराष्ट्रात. बेळगाव जिल्हा न्यायालयाचं प्रोबेट कर्नाटकापुरतं. राज्याबाहेरची मिळकत दहा हजारांच्या वर असेल तर ते तिथे चालत नाही. उच्च न्यायालयाचं मात्र देशभर चालतं, तेव्हा धारवाड खंडपीठाचं वकिलाला आधीच विचारून घे. प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षात हिशेब कोर्टात द्यायचा असतो. तेव्हा हीच वही कामी येईल.

देणी फिटल्याशिवाय वाटणी नाही, हे थोरल्याला काकूंसमोर सांग, फोनवर नको. आणि सोनाराकडे उद्याच जा.