वाचकांचे प्रश्न : गावच्या वीराचा पुतळा उभारताना

प्रश्न : 1971 च्या युद्धात धारातीर्थी पडलेल्या आमच्या गावच्या जवानाला मरणोत्तर वीरचक्र मिळाले. त्यांचा ब्राँझचा पूर्णाकृती पुतळा वेशीजवळच्या चौकात उभारायचा आहे. 16 डिसेंबरला अनावरण ठरवले आहे. मूर्तिकाराला आगाऊ रक्कम द्यावी का?
– एक तरुण मंडळ, पुरंदर तालुका

उत्तर : आत्ता देऊ नका. आधी जागा बदला आणि तारीख मोकळी ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 18 जानेवारी 2013 च्या आदेशानुसार सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर पुतळ्याला राज्य सरकारला परवानगी देता येत नाही. म्हणजे चौक बाद. शाळेचे आवार, ग्रामपंचायतीची मोकळी जागा किंवा कुणी दान दिलेली जमीन पाहा. सातबारा स्वच्छ हवा. मग ग्रामसभेचा ठराव, कुटुंबाची लेखी संमती, पोलिसांचा ना-हरकत दाखला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीची मान्यता घ्या. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मंजुरी लागते, ती मिळाल्याशिवाय ओतकामाला हात लावायचा नाही. कागदपत्रांत अडलात तर पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार कसा करायचा, हे तिथे कळेल.

मातीकामापासून उभारणीपर्यंत सहा-आठ महिने सहज जातात. तारीख आधी ठरली की घाई नेमकी अशा जागी होते जिथे ती दिसत नाही: ओली माती, पातळ ओतकाम, कच्चे वेल्डिंग. विजय दिवस दर वर्षी येतो.

प्रश्न : त्यांचा एकच फोटो आहे, तोही स्टुडिओतला, समोरून काढलेला. त्यावरून चेहरा जमेल का? गणवेश कोणता दाखवावा? छातीवर वीरचक्र हवेच, असा गावाचा आग्रह आहे.
– हेच मंडळ

उत्तर : चेहरा जमतो, पण आधी फोटो सुलटा आहे का ते तपासा. पुरुषांच्या शर्टाची घालणाऱ्याच्या डाव्या हाताकडची पट्टी उजवीवर येते. फोटोत उलटे दिसले तर निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे, आणि मग भांग, तीळ, व्रण सगळेच चुकीच्या बाजूला जाईल. बाजूचा चेहरा फोटोत नसतोच. त्यासाठी सख्ख्या भावाचे किंवा मुलाचे दोन्ही बाजूंनी, डोळ्यांच्या पातळीवरून फोटो काढा. नाकाचा उतार, कानाची ठेवण आणि जबड्याचा कोन घराण्यात बहुधा सारखा असतो. ओल्या मातीत कान दुरुस्त करायला तासभर पुरतो, ब्राँझमध्ये तो कापून पुन्हा ओतावा लागतो. म्हणून वीरपत्नीला, भावंडांना मातीच्या टप्प्यावर किमान दोनदा बोलवा. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. उजेड फिरला की चेहरा वेगळा दिसतो.

गणवेशात चूक झाली तर माजी सैनिक ती पहिल्या नजरेत पकडतात. 1971 चा जवान साध्या ऑलिव्ह ग्रीन कपड्यात होता. आजचा ठिपक्यांचा लढाऊ गणवेश जानेवारी 2022 मध्ये आला, तो त्यांच्या अंगावर चालणार नाही. हातात त्या काळची 7.62 मिलिमीटरची एसएलआर रायफल हवी, 1999 च्या कारगिल युद्धातली इन्सास नव्हे. नाईकच्या दोन फिती, हवालदाराच्या तीन. जो हुद्दा वीरगतीच्या दिवशी होता तोच दाखवायचा. बेरेवरचा (लष्करी टोपीवरचा) बिल्ला, पट्टा, गेटर (बुटांवरची घोट्याची पट्टी) यांची खात्री रेजिमेंटकडून लेखी करून घ्या. इंटरनेटवरच्या चित्रांवर विसंबू नका.

पदकाचा आग्रह समजण्यासारखा आहे, पण थोडे थांबून विचार करा. मरणोत्तर पदक त्या छातीने कधी पाहिलेलेच नसते. लढाईच्या पोशाखातल्या माणसावर पदक लावले की त्या क्षणाचे खरेपण जाते. आमचा सल्ला असा: पुतळ्यावर पदक नको, चौथऱ्याच्या पुढच्या बाजूला त्याचे उठावचित्र करा. वीरचक्र चांदीचे, गोल, 35 मिलिमीटर व्यासाचे असते. त्यावर पाच टोकांचा तारा आणि मध्ये चक्र असते. चौथऱ्यावर ते वीतभर केले तर शाळेतल्या मुलालाही प्रत्येक रेघ दिसेल. छातीवर तेच पदक सात फुटी पुतळ्याच्या प्रमाणात सव्वापट झाले तरी जेमतेम 44 मिलिमीटरचे होते, आणि दहा फुटांवरून नुसता ठिपका दिसतो.

प्रश्न : एका कोटेशनमध्ये ‘ब्राँझ फिनिश’, दुसऱ्यात ‘ब्राँझ’ आणि तिसऱ्यात ‘गनमेटल’ लिहिले आहे. फरक काय? सात फुटी पुतळ्याचे वजन किती असावे?
– एक माजी सैनिक, वारजे

उत्तर : ‘ब्राँझ फिनिश’ म्हणजे बहुधा फायबरवर रंग. उन्हात त्याला काही वर्षांत बारीक तडे जातात. पुतळ्यांसाठी आपल्याकडे 85 टक्के तांबे आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी 5 टक्के, हे मिश्रण रूढ आहे. यालाच बोलण्यात गनमेटल म्हणतात. करारात टक्केवारी लिहून घ्या. प्रत्येक ओताच्या वेळी एक नमुना तुकडा बाजूला ओतायला सांगा आणि तो तुम्हीच तपासायला न्या. भोसरी-चाकण पट्ट्यात धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत.

वजनाचा हिशेब सोपा आहे. ब्राँझ पाण्याच्या साधारण 8.8 पट जड, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा सुमारे 53 किलो भरतो. सात फुटी माणसाचे कपड्यांच्या चुण्यांसह पृष्ठफळ साडेतीन चौरस मीटरच्या आसपास धरा. पुतळा आतून पोकळ असतो, त्याचे नुसते कवच 185 किलो होते. बंदूक, बूट, पायाखालची पाटी धरून 200 ते 250 किलो. कुणी 110 किलो म्हणाला तर जाडी निम्मी आहे. अल्ट्रासॉनिक मापकाने दहा ठिकाणी जाडी मोजून घ्या, विशेषतः घोट्यांजवळ.

आता आतले. बाहेरची झळाळी सगळे पाहतात, पुतळा मात्र आतून मरतो. पुतळा पोकळ राहावा म्हणून ओतताना आत गाभा ठेवतात आणि तो जागेवर धरायला लोखंडी खिळे घालतात. ते काढून भोके ब्राँझनेच बुजवली पाहिजेत. राहिलेला खिळा दोन पावसाळ्यांत तांबूस ओघळ सोडतो. गाभाही पूर्ण खरवडून काढावा, कारण तो पाणी धरून ठेवतो. आधाराचा सांगाडा साध्या लोखंडाचा नको: ब्राँझला चिकटलेले लोखंड ओलाव्यात झपाट्याने गंजते, फुगते आणि कवच फोडते. 316 दर्जाचे स्टेनलेस स्टील वापरा. तळपायात पाणी जायला 10-12 मिलिमीटरची दोन भोके ठेवा. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला, तेव्हा अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. त्याचे नट-बोल्ट गंजत असल्याचे पत्र आधीच गेले होते.

ताब्यात घेताना खिशात चुंबक ठेवा. ब्राँझला तो चिकटत नाही, चिकटला तर तिथे लोखंड आहे. कापसावर ॲसिटोन घेऊन मागच्या बाजूला घासा. वरचे मेण थोडेफार निघाले तर ठीक, पण खालचा रंगच सुटून आला तर ते पॅटिना (धातूच्या पृष्ठभागावरच तयार झालेला रंगाचा थर) नव्हे, पेंट आहे.

प्रश्न : चौथरा किती उंच हवा? तोंड कुठे करावे?
– वाचक, हडपसर

उत्तर : सात फुटी पुतळ्याला पाच-सहा फूट पुरेत. त्याहून उंच केला की खालून फक्त हनुवटी दिसते. पूर्व किंवा दक्षिणेकडे तोंड करा. उत्तरमुखी चेहरा वर्षाचा बराच काळ सावलीत राहतो. पाया काळ्या मातीवर ठेवू नका, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणा. ग्रॅनाइटच्या फरशा नुसत्या सिमेंटवर न चिकटवता स्टेनलेसच्या क्लॅम्पने धरा.

प्रश्न : आमच्या सोसायटीतला अर्धपुतळा हिरवट झालाय. चिंच-लिंबाने घासला तर चमकेल का? आणि फलकावर ‘शहीद’ लिहावे का?
– वाचक, कोथरूड

उत्तर : चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, काहीच नको. आम्ल पॅटिना खाते आणि धातू उघडा पडतो. पावसाळ्याआधी आणि नंतर साधे पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश वापरा, पूर्ण कोरडे होऊ द्या, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. दुधाचा अभिषेक करू नका. हार त्याच संध्याकाळी उतरवा, कारण कुजलेल्या फुलांचा रस आणि हाराची तार दोन्ही डाग पाडतात.

फलकावरच्या शब्दाबद्दल : फेब्रुवारी 2022 मध्ये लष्कराने पत्र काढून ‘मार्टर’ (म्हणजेच शहीद) हा शब्द न वापरण्याची सूचना केली आणि पर्यायी शब्द दिले. मराठीत ‘वीरगती प्राप्त झाली’ हे नेमकेही आहे आणि भारदस्तही. हुद्दा, सैन्य क्रमांक, पलटण, ठिकाण, तारीख एवढे पुरे. देणगीदारांची नावे मागच्या बाजूला, लहान अक्षरांत. अशोकस्तंभाची राजमुद्रा मात्र कोरू नका. 2005 च्या कायद्याने तिचा खासगी वापर वर्ज्य आहे. रेजिमेंटचे चिन्हही त्यांची लेखी परवानगी आल्यावरच.