तेहतीस इंची टायर नंतर बघू

चिरंजीवा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गाडीचे फोटो मिळाले, खाली लिहिलेली बदलांची यादीही वाचली. तेहतीस इंची टायर, चार इंच लिफ्ट म्हणजे गाडी तेवढी उंच करणं, पुढे विंच म्हणजे गाडी ओढायची चरखी, वर एलईडीची पट्टी आणि जमलं तर स्कॉर्पिओचं इंजिन. एवढ्या लांबलचक यादीत ब्रेकचं नाव कुठेच नाही. म्हणून हे पत्र जरा लांबणार, चहा घेऊन बस.

आधी चांगलं सांगतो. महिंद्राची जुनी एमएम 540 जीप घेतलीस हे बरं केलंस. ही गाडी विलीज जीपच्याच घराण्यातली. 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला जीपा जोडायला सुरुवात झाली, तेव्हापासून या गाडीत पिढ्यानपिढ्या थोडंथोडं बदलत गेलं, पण हाडं तीच राहिली. म्हणून आजही गावोगावी हिच्यावर हात बसलेला मिस्त्री सापडतो. तुझ्या गाडीत पूजो या फ्रेंच कंपनीचं एक्सडीपी 4.90 इंजिन आहे. त्या नावातच माप आहे: चार सिलिंडर, 90 मिलिमीटर बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, एकूण 2112 सीसी. ताकद बेताची, पण ठोक्याला पक्कं. सेल्फ मारल्यावर धूर काढत उशिरा सुरू होत असेल तर लगेच इंजिनावर राग काढू नकोस. आधी हीटर प्लग एकेक काढून तपास आणि डिझेलच्या पाइपात हवा धरतेय का बघ. निम्म्या वेळा दुखणं तिथंच निघतं.

मागच्या पाट्यांत, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांत, दोन पानं जास्तीची दिसतात. म्हणजे ही कधी काळी वडापला, म्हणजे शेअर प्रवासी वाहतुकीला असणार, नाहीतर ऊसतोडणीच्या टोळ्या वाहायला. तसं असेल तर चेसीने फार सोसलंय. रंग बघून कळत नाही. उलट, रंग जितका ताजा तितका संशय जास्त.

तेव्हा पहिलं काम घासण्याचं. बॉडी उतरवायची घाई नको. गाडीखाली झोप, तारेचा ब्रश घे आणि पाट्यांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा आणि मागची आडवी पट्टी एवढं लोखंड उघडं कर. मग छोट्या हातोडीने ठोकत जा. चांगलं लोखंड खणकन वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती केसासारखी बारीक चीर असते, ती ग्रीसखाली लपते. रॉकेलने पूस आणि बॅटरी तिरकी धरून बघ. सरळ उजेडात ती दिसत नाही.

चेसी वाकडी आहे का, हे बघायला गॅरेज लागत नाही. गाडी सपाट फरशीवर उभी कर, पुढच्या-मागच्या पाट्यांच्या चारही अचल (झोका नसलेल्या टोकाच्या) बोल्टांवरून ओळंबा सोड आणि जमिनीवर खडूच्या खुणा कर. गाडी ढकलून बाजूला घे, गवंड्याचा दोरा धरून दोन्ही कर्ण मोज. पाच-सात मिलिमीटरचा फरक चालून जातो. बोटभर फरक आला तर बाकी सगळं तसंच ठेव आणि मला फोन कर.

हे करतानाच चेसी नंबर शोध, साफ कर, फोटो काढ आणि आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघ. त्याच्या वीतभर जवळपास वेल्डिंगची कांडी नेऊ द्यायची नाही. ठोकलेला नंबर अर्धा जरी वितळला, तरी पुढे फेरनोंदणीला इन्स्पेक्टरसमोर तुलाच उभं राहायचंय, वेल्डरला नाही.

कागदांचं आता एकदाच बोलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असं आहे की, कंपनीने जी गाडी जशी मंजूर करून घेतली, तिच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 'दर बदलामागे' हे दोन शब्द तुझ्या यादीवर ठेवून वाच. पुढच्या लोखंडी गार्डांवर तर डिसेंबर 2017 पासूनच केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. तुझ्या मित्राने 'व्हिंटेज' नोंदणीचं सुचवलंय, ते डोक्यातून काढ. ती 'व्हीए' क्रमांकांची मालिका पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी आहे, आणि ती पाटी लावून रोज रस्त्यावर फिरताही येत नाही. तुझी गाडी त्या वयाची नाहीच. स्कॉर्पिओचं इंजिन या यादीतून आजच खोडलंस तर मला आनंद होईल. पूजोचं इंजिन नीट बांधलं तर आंबोली घाट चढायला पुरून उरतं. थोडं हळू चढतं. त्याला काय झालं?

आता ब्रेक. चारही चाकांना ड्रम आहेत आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल ढकलतो तो, एका कप्प्याचा दिसतो. म्हणजे एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून जुना एकही पाइप, एकही रबरी होज ठेवायचा नाही. वरून चांगला दिसतो म्हणूनही नाही. होज आतून सुजतो, तेल जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही, मग चाक धरून बसतं आणि आपण लायनरला शिव्या देतो. पाइप स्टीलचाच घ्यायचा आणि टोकाला दुहेरी फ्लेअर (दुमडून फुलवलेलं तोंड) करून घ्यायचं. तांब्याचा एसीचा पाइप स्वस्तात बसवून देणारे भेटतील, त्यांना हात जोड. ड्रम लेथवर टर्न करताना आधी किती टर्न झालेत ते मोजून घे: ड्रम पातळ झाला की तापल्यावर फाकतो आणि उतारावर पेडल खाली-खाली जातं. हवा काढायची ती मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे तुझ्या गाडीला मागच्या डाव्या चाकापासून. आणि ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवायची नाही. जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं टाकून द्यायचं.

इथे एक धोका आहे, तो भले भले विसरतात. फोटोत नीट दिसतंय की तुझ्या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाही, तो ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, ॲक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर आहे. शाफ्ट घट्ट धरला तरी मागचं एक चाक जॅकवर उचललंस की डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरपेटी) मोकळं होतं: वरचं चाक उलटं फिरतं, खालचं पुढे सरकतं आणि हँडब्रेक ओढलेली गाडी जॅकवरून चालू लागते. म्हणून आधी चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके, मग जॅक, मग चेसीखाली स्टँड, आणि मगच तू आत. विटांवर गाडी ठेवायची नाही. वीट सांगून फुटत नाही.

ब्रेक झाले की पुढचा ॲक्सल. तू लिहिलंयस की पन्नासच्या वर गेलं की खड्ड्यानंतर स्टिअरिंग थडथडतं आणि थांबवल्याशिवाय थांबत नाही. कुणीतरी स्टिअरिंग डॅम्पर बसव म्हणालंय. डॅम्पर दुखणं झाकतो. चाक जॅकवर घे, वरून-खालून धरून हलव. खेळ जाणवला तर आधी व्हील बेअरिंग कस. तरीही राहिला तर तो किंग पिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंट्यांवर वळतं त्यांचा. तिथे वर-खाली शिम (पातळ पत्र्या) असतात, बेअरिंग झिजली की शिम कमी करून ताण द्यावा लागतो. ताण मोजायची युक्ती सांगतो: ॲक्सलच्या टोकाच्या गोळ्यावरचं मोठं फेल्ट सील सोडव, टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) काढ, नकलच्या (चाकासोबत वळणाऱ्या भागाच्या) हाताला ताणकाट्याचा हूक अडकव आणि हळू ओढ. नकल फिरायला लागल्यावर काटा किती दाखवतो ते दोन्ही बाजूंना सारखं यायला हवं, आणि किती यावं ते गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. भंगाराच्या दुकानात ते पुस्तक दिसलं तर भाव करू नकोस, घे. मग टाय रॉडचे बॉल, स्टिअरिंग बॉक्स, पाट्यांचे बुश. या सगळ्यांत मिळून थोडाथोडा खेळ साठतो, म्हणून एकच वस्तू बदलून फरक पडत नाही आणि माणूस वैतागतो.

आणि आता तुझे ते टायर. नाद वाईट नाही, हिशोब बघ. मूळचा 6.00-16 टायर उंचीला साधारण 29 इंच. तू 33 घातलास की चाकाचा एक फेरा जवळजवळ 14 टक्क्यांनी लांबला. काटा 60 दाखवेल तेव्हा गाडी 68 ने चाललेली असेल. ॲक्सलमधल्या दातेरी जोडीला क्राऊन-पिनियन म्हणतात; ते 5.38 चं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 5.38 फेरे असं असेल, तर ते 4.7 असल्यासारखं वागेल, म्हणजे चढाला जिथे तिसरा चालत होता तिथे दुसरा. शिवाय वजनदार चाक थांबवायला ड्रम तेवढेच, किंग पिन तेच, व्हील बेअरिंग तेच. टायर अंगाला घासतो म्हणून लिफ्ट, लिफ्ट केली म्हणून प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढला, कोन वाढला म्हणून शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटायला लागला, आणि पुढचा कास्टर (किंग पिनचा कल) बदलला म्हणून ते थडथडणं दुप्पट होऊन परत आलं. टायरवाला बिल एकदाच देतो, बाकीची बिलं वर्षभर येत राहतात.

तुझं क्राऊन-पिनियन किती आहे, हे तुलाही ठाऊक नाही, मलाही नाही. विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, मोज. पुढच्या चाकांना ओंडके लाव, मागचं एकच चाक उचल, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोड. चाकावर आणि शाफ्टवर खडूची रेघ मार. वरचं चाक बरोबर दोन फेरे फिरव आणि शाफ्टचे फेरे मोज. पाच आणि वर अर्ध्याला थोडे कमी आले तर 5.38, पाचाला थोडेच कमी आले तर 4.88. मग चार बाय चारचा दांडा टू-व्हीलवर आहे ना बघून, मागच्या चाकांना ओंडके लावून पुढेही तसंच. हे दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. वेगवेगळ्या गाड्यांचे ॲक्सल एकत्र केलेल्या जीपा बाजारात भरपूर आहेत. टू-व्हीलमध्ये त्या झकास चालतात आणि फोर-व्हील टाकताच स्वतःशीच भांडायला लागतात.

जुळले तरी डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकायचं नाही. या गाडीला मधलं डिफरन्शिअल नाही. वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची लहान, आणि तो फरक जिरायला जागाच नसते. चिखलात चाक घसरून फरक जिरतो, डांबरावर तो शाफ्टात पीळ होऊन साठतो. दांडा अडकून निघेना झाला तर ओढाताण करू नकोस, सरळ रेषेत थोडं मागे घे, सुटतो.

काय घरी करायचं आणि काय बाहेर द्यायचं? ब्रेक, बेअरिंग, सील, वायरिंग, पाट्यांचे बुश हे सगळं तुझ्या अंगणात होतं. क्राऊन-पिनियनचं सेटिंग, ड्रम टर्न करणं, चेसीचं वेल्डिंग आणि डिझेल पंप बाहेर. तुला कोल्हापूर जवळ आहे, शिवाजी उद्यमनगरात फिर. तुझ्या तुटक्या तुकड्यावरून तसाच तुकडा बनवून देणारे टर्नर तिथे अजून आहेत. जाताना तुकडा धुऊन ने, आणि कुठे बसतो ते कागदावर काढून ने. ते काम करतात, अंदाज करत नाहीत.

गिअर बॉक्समध्ये तेल घालताना दुकानदार जे पुढे करेल ते ओतू नकोस. डिफरन्शिअलला जीएल-5 दर्जाचं तेल चालतं, पण गिअर बॉक्समधल्या सिंक्रोच्या पितळी रिंगांना त्यातली गंधकाची द्रव्यं मानवत नाहीत, तिथे जीएल-4. ओढ्यातून गाडी काढलीस की दुसऱ्या दिवशी दोन्ही डिफरन्शिअल हौसिंगचे तेल काढायचे बोल्ट किंचित ढिले करून बघायचं. तेल दुधाळ आलं तर आत पाणी गेलंय, म्हणजे ब्रीदर (हौसिंगची हवेची वाट) बुजलाय.

आता एवढं कर. चेसी नंबरचा फोटो, दोन कर्णांची मापं आणि पुढचे-मागचे शाफ्टचे फेरे, हे कळव. ड्रम काढलेस तर चारही घेऊन रविवारी घरी ये, कॅलिपरने माप घेऊ. टायरचं ॲडव्हान्स दिलं असशील तर अजून परत मिळतंय का, ते उद्या सकाळीच विचार.

तुझा,
काका