नगरपरिषदेतील करवसुली : एका वडिलांच्या पत्राला उत्तर

आदरणीय महोदय,

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या वाणिज्य शाखेची पदवीधर असून गेली दोन वर्षे तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेच्या वसुली विभागात काम करते. आता तिला नगरपरिषदांच्या राज्यसेवेतील कर निर्धारण व प्रशासकीय सेवेची परीक्षा द्यायची आहे आणि पुढे कर विभागाची प्रमुख व्हायचे आहे, असे आपण लिहिले आहे. आपल्या शंका तीन आहेत. दारोदार जाऊन पैसे मागण्याच्या कामाला समाजात मान नाही असे नातेवाईक म्हणतात. थकबाकीदारांशी होणारे रोजचे वाद तिला झेपतील का, ही दुसरी शंका. आणि या खात्यात वाढ आहे, की आयुष्यभर पावती पुस्तक घेऊनच फिरायचे, ही तिसरी.

माझे मत आधीच सांगतो. तिने ही परीक्षा अवश्य द्यावी. मात्र ज्या पदाचे स्वप्न ती पाहत आहे, त्या पदाचे काम पतसंस्थेतील वसुलीपेक्षा बरेच वेगळे आहे, आणि तो फरक तिने परीक्षेपूर्वीच समजून घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

पतसंस्थेचा कर्जदार स्वतः अर्ज घेऊन आलेला असतो. त्याने रोख्यावर सही केलेली असते, जामीनदार दिलेले असतात. कर्ज थकले, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो आणि कलम १५६ चे अधिकार असलेला विशेष वसुली अधिकारी पुढची कारवाई करतो. घरपट्टीचे तसे नसते. तिथे कोणी अर्ज केलेला नसतो, जामीनदार नसतो, आणि बिलावरची रक्कम मालकाने कधी मान्य केलेलीही नसते. ती कायद्याने त्याच्यावर बसवलेली असते. म्हणून नगरपरिषदेच्या वसुलीचे सारे नैतिक आणि कायदेशीर बळ एकाच गोष्टीत असते : मागणी अचूक असणे. मोजमाप चुकले असेल, निवासी घर वाणिज्य म्हणून नोंदले गेले असेल, पाडलेल्या खोल्यांवर अजून कर लागत असेल, तर दारात उभ्या असलेल्या वसुली लिपिकाकडे उत्तर नसते, आणि ज्याच्याकडे उत्तर नसते तोच आवाज चढवतो. वसुलीतील पुष्कळशी भांडणे दारात सुरू होत असली, तरी त्यांचे मूळ कार्यालयातल्या नोंदवहीत असते.

वरिष्ठ पदावरच्या व्यक्तीचे खरे काम या नोंदवहीपासून सुरू होते. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ प्रमाणे मालमत्तांची करआकारणी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते. इमारतीचे वार्षिक भाडेमूल्य ठरवायचे, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे, उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर बसवायचा, यादी प्रसिद्ध करायची, हरकती मागवायच्या आणि प्रत्येक हरकतदाराला सुनावणी द्यायची, असा हा क्रम आहे. (महापालिकांमध्ये पद्धती वेगवेगळ्या आहेत, मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी होते.) ही सुनावणी मनापासून झाली, तर पुढच्या चार वर्षांची वसुली सोपी होते, आणि ती केवळ सह्यांपुरती उरकली, तर तीच हरकत थकबाकी बनून परत येते. मालक वारला पण वारसांची नोंद झाली नाही, भावांत वाटण्या झाल्या पण खाते एकच राहिले, एकाच घराची दोन नावांनी दोनदा नोंद झाली, अशी प्रकरणे प्रत्येक गावात असतात आणि ती सोडवायला कायद्याइतकाच धीरही लागतो. आपल्या कन्येला जुनी कागदपत्रे ताडून पाहण्याची आवड आहे का, हे मला तिच्या बोलण्यातील धिटाईपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.

आता कारवाईविषयी, कारण आपली मुख्य भीती तीच आहे. कर विभागाला घाईने कोणाच्या घरात शिरता येत नाही. आधी बिल, मग मुदत, मग मागणीची नोटीस, पुन्हा मुदत, आणि त्यानंतरच मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने जप्तीचे वॉरंट निघते. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे अशा वस्तू जप्तीतून वगळलेल्या आहेत. वॉरंटात खास अधिकार दिलेला नसेल तर दार तोडता येत नाही. जप्त वस्तूंची यादी करावी लागते आणि तिची नोटीस मालकाला द्यावी लागते. हे सारे टप्पे थकबाकीदाराचे जितके संरक्षण करतात, तितकेच अधिकाऱ्याचेही करतात. नोटीस योग्य व्यक्तीला, योग्य तारखेला बजावली गेल्याचा पुरावा नस्तीत (प्रकरणाच्या फाइलीत) नसेल, तर न्यायालयात सर्वांत आधी तेच विचारले जाते.

त्यातही सर्वांत अवघड निर्णय असतो तो न भरू शकणारा आणि न भरू इच्छिणारा यांत फरक करण्याचा. थकीत रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती (दंड) लागते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. चार हजार रुपयांची घरपट्टी छत्तीस महिने थकली, तर त्या एका वर्षाच्या रकमेवरच २८८० रुपये शास्ती चढते, आणि मधल्या वर्षांची थकबाकी वेगळीच. कमावता माणूस गेलेल्या घरात ही रक्कम पाहताच लोक बिल उघडायचेच सोडून देतात. अशा घरी जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती माफीचा अधिकार नसतो, आणि तो असल्यासारखे त्याने बोलूही नये. पण निदान चालू वर्षाची रक्कम भरून घेणे, उरलेली टप्प्याटप्प्याने स्वीकारणे, राष्ट्रीय लोकअदालतीत ते प्रकरण दाखलपूर्व (न्यायालयात दावा दाखल होण्याआधीचे) म्हणून ठेवणे, शास्तीत सूट देणारी शासनाची अभय योजना जाहीर झाली तर त्या कुटुंबाला आपणहून कळवणे, हे सारे त्याच्या अखत्यारीत असते. या गोष्टी करणारा अधिकारी आणि न करणारा अधिकारी यांच्या वसुलीच्या आकड्यात कदाचित फारसा फरक दिसणार नाही, पण त्या कुटुंबांच्या आयुष्यात मोठा फरक पडतो.

याउलट मोठी थकबाकी बहुधा झोपडीत नसते. ती बंद पडलेल्या कारखान्यांकडे, वादग्रस्त व्यापारी संकुलांकडे, मोबाइल मनोऱ्यांकडे आणि अनेकदा शासकीय कार्यालयांकडेच असते. मोबाइल मनोऱ्यांवर मालमत्ता कर लावता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये स्पष्ट केले. केंद्र शासनाच्या मालमत्तांना राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५ नुसार कर लागत नाही. त्यांच्याकडून सेवाशुल्क घेण्याची पद्धत आहे. या गोष्टी ठाऊक असलेला कर अधिकारी पत्रव्यवहार आणि कायदा यांच्या जोरावर एका टेबलावरून जेवढी वसुली करतो, तेवढी एखाद्या पथकाला शेकडो घरे फिरूनही साधत नाही. काही शहरांत थकबाकीदारांच्या दारासमोर बँड वाजवण्याचा किंवा चौकात त्यांच्या नावांचे फलक लावण्याचा प्रकार झाला आहे. मला तो मुळीच मान्य नाही. पाच-सहा हजार रुपये थकलेला मध्यमवर्गीय त्याने खाली मान घालतो, आणि लाखोंची थकबाकी असलेल्या कंपनीच्या दूरच्या मुख्यालयात तो बँड ऐकूही जात नाही.

वसुलीच्या टक्केवारीविषयीही तिला आतापासून सावध करावेसे वाटते. फेब्रुवारी उजाडला की रोज संध्याकाळी आकडा मागितला जातो, मार्चमध्ये सुट्टीच्या दिवशीही भरणा केंद्रे उघडी राहतात, आणि सारा ताण चालू मागणी किती व मागील थकबाकी किती वसूल झाली या दोन रकान्यांत येऊन बसतो. टक्केवारी वाढवण्याचे दोन मार्ग असतात : अधिक रक्कम गोळा करणे, किंवा मागणीच कमी करणे. चुकीची, दुबार मागणी योग्य मंजुरी घेऊन काढून टाकणे हे चांगल्या अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. मंजुरीशिवाय, कोणाच्या तरी सांगण्यावरून काढणे हा गुन्हा आहे. कोणाचे वॉरंट थांबवा, असा फोन येतोच. त्यावर उद्धटपणे बोलण्याची गरज नसते. आपल्या विनंतीची नोंद नस्तीवर घेतो, एवढे शांतपणे सांगता यावे लागते. रोख रक्कम हाताळणाऱ्यांनी पावतीशिवाय रुपया घेऊ नये, आणि भरणा वेळच्या वेळी बँकेत जावा, हे तर पतसंस्थेत ती शिकलीच असेल.

मानाचा प्रश्न आपण मांडला आहे, त्याकडे येतो. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. तेव्हापासून स्वतःच्या हक्काचे उत्पन्न म्हणून त्यांच्याकडे मुख्यतः मालमत्ता कर आणि पाणीपट्टी उरली. बाकीचा मोठा भाग शासनाच्या अनुदानावर चालतो. पंधराव्या वित्त आयोगाने तर शहरांना मिळणारे अनुदानही मालमत्ता कराच्या वसुलीतील वाढीशी जोडले. म्हणजे गावातले दिवे, गटारे, घंटागाडी, दवाखाना यांच्यामागे कर विभागातील कोणाचे तरी नेमके काम उभे असते. आपल्या बिलावर शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर असे वेगवेगळे रकाने दिसतील. त्यांपैकी शिक्षण कराची रक्कम नगरपरिषदेची नसून तिने शासनासाठी गोळा केलेली असते. हे सारे लोकांना समजेल अशा भाषेत सांगणारी व्यक्ती त्या दारात उभी राहिली, तर तिला मान मिळतो. नातेवाइकांच्या मताला याहून अधिक वजन देऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

वाद होणारच नाहीत, असे मात्र मी म्हणणार नाही. जप्तीला एकटे कोणी जात नाही, पथक जाते. गरज पडल्यास पोलीस बंदोबस्त मागता येतो. आणि लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला करणे किंवा बळ वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली गुन्हा आहे. तरीही अपशब्द ऐकावे लागतात आणि ते घरी घेऊन न येण्याची सवय लावून घ्यावी लागते. दोन वर्षे पतसंस्थेची वसुली केलेल्या मुलीला ही सवय आपल्या-माझ्यापेक्षा अधिक असेल, म्हणून झेपेल का, हा प्रश्न आपण तिलाच विचारावा आणि तिचे उत्तर मान्य करावे.

वाढीचा मार्ग असा आहे. या सेवेसाठी कोणत्याही शाखेची पदवी आणि एमएस-सीआयटीसारखी संगणक अर्हता लागते. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षे अशी राहिली आहे. २०२३ मध्ये नगरपरिषदांच्या गट-क सेवांतील १७८२ पदांसाठी एकत्रित जाहिरात निघाली होती आणि त्यात ही सेवाही होती. अशा जाहिराती दरवर्षी निघत नाहीत, त्यामुळे तिने पतसंस्थेची नोकरी आत्ताच सोडू नये. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी हे विषय नोकरी सांभाळून रोज दोन तास दिले तरी तयार होतात. निवड झाल्यावर सहायक कर निरीक्षक, कर निरीक्षक असे टप्पे येतात आणि पुढे उपमुख्याधिकारी, मुख्याधिकारी या पदांपर्यंत संवर्गातील कर्मचाऱ्यांना वाट आहे. सेवा राज्यस्तरीय असल्याने बदल्या होतात. लग्न आणि घर यांचा विचार करताना हे दोन्ही घरांना आधीच माहीत असावे, लपवू नये. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेची पदविका सेवेत आल्यावर करता येते, आणि ती करावी. महापालिकांची भरती वेगळी असते. पुण्यासारख्या शहरात महापालिकेच्या कर विभागातील पेठ निरीक्षकाचे काम तिला आवडेल असे वाटत असेल, तर त्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे.

जाहिरातीची वाट पाहत असताना तिने एक काम करावे. आपल्या घराचे घरपट्टीचे बिल घ्यावे, क्षेत्रफळ स्वतः मोजावे, करयोग्य मूल्य कसे निघाले याची आकडेमोड करावी आणि बिलातील प्रत्येक रकाना कोणत्या कायद्याने आला हे शोधावे. उत्तर जुळले नाही, तर नगरपरिषदेत जाऊन आकारणी नोंदवहीतील आपल्या घराच्या नोंदीची प्रत मागावी. हे करताना तिला कंटाळा आला, तर मला तसे प्रामाणिकपणे कळवावे. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला लेखा व लेखापरीक्षणाच्या सेवाही खुल्या आहेत आणि त्याविषयी मी स्वतंत्रपणे लिहीन. गोडी लागली, तर शेजारच्या दोन घरांची बिलेही त्यांच्या संमतीने तपासावीत आणि तिन्हींची आकडेमोड मला पाठवावी, म्हणजे अभ्यासाची पुढील आखणी तिच्याशीच बोलून करता येईल.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक