जुना जास्त एचपीचा ट्रॅक्टर : ओढ स्पर्धा आणि नांगरट दोन्ही जमतील का?

निफाड, सिन्नर आणि येवला तालुक्यांतील शेतकऱ्यांकडून अलीकडे एकाच विषयावरचे तीन प्रश्न आले आहेत. जत्रेतील भरलेली ट्रॉली ओढण्याच्या स्पर्धेत जुना एचएमटी 5911 हा 59 एचपीचा ट्रॅक्टर उतरवायचा असून नांगरटही त्यानेच करायची आहे, तर डिझेल पंप वाढवून घ्यावा का, म्हणजे इंजिनाला ठरलेल्या मापापेक्षा जास्त डिझेल मिळेल असे करावे का, असे एकाने विचारले आहे. स्पर्धेसाठी लावलेली वजने आणि टायरमधील पाणी शेतीकामाच्या वेळी तसेच ठेवले तर चालेल का, हा दुसरा प्रश्न आहे. स्पर्धेत वापरलेला 55 एचपीचा ट्रॅक्टर स्वस्तात मिळत असेल तर घ्यावा का, असा तिसरा आहे. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे उत्तर एकत्रच देत आहे.

जुन्या मोठ्या ट्रॅक्टरांची मागणी का वाढली, हे समजण्यासारखे आहे. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीवरील नव्या ट्रॅक्टरांना उत्सर्जनाचे ट्रेम-4 निकष लागू झाले आणि त्यामुळे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची डिझेल यंत्रणा आली. जुन्या ट्रॅक्टरचा यांत्रिक पंप मात्र गावातल्या फिटरच्या हाताखालचा असतो. हीच सोय पुढे घात करते, कारण सील तोडून पंप वाढवणे अर्ध्या तासाचे काम असते.

पंप वाढवण्याचा उपयोग किती, हे हिशेबाने पाहू. समजा ट्रॅक्टरचे वजन 2600 किलो असून कोरड्या, घट्ट जमिनीवर तो 1500 किलोची ओढ देतो. ताशी 3 किलोमीटर वेगाने ही ओढ द्यायला हुकापाशी सुमारे 17 एचपी लागतात. गिअरपेटीतील आणि चाकांच्या घसरणीतील तोटा धरला, तरी 59 एचपीच्या इंजिनातली निम्मीही ताकद वापरली जात नाही. म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिन बंद पडण्याआधी चाक घसरते, आणि घसरणाऱ्या चाकाला जास्त डिझेल दिल्याने ते फक्त जोरात फिरते. हीच ओढ ताशी 8 किलोमीटरने द्यायची असेल तर सुमारे 44 एचपी हुकापाशी लागतात आणि तेथे इंजिनाचा कस लागतो. म्हणून आपल्या स्पर्धेचा निकाल अंतरावर आहे की वेगावर, हे आधी विचारून घ्यावे. परदेशातील स्पर्धांत जी घसरगाडी ओढतात, तिच्यावरचे वजन गाडी पुढे जाईल तसे ट्रॅक्टरच्या बाजूला सरकत जाते. तेथे चाकांचा वेग राखणे महत्त्वाचे असते आणि त्यासाठीची यंत्रे बहुधा वेगळी बांधलेली असतात. आपल्याकडील भरलेली ट्रॉली ओढण्याच्या स्पर्धेला ते अनुकरण लागू पडत नाही.

पंप वाढवल्यावर काळा धूर निघतो तो न जळलेल्या डिझेलचा. थोडा वेळ ताण पडला तर इंजिन निभावून नेते, पण चैत्र-वैशाखाच्या उन्हात काळ्या जमिनीत पलटी नांगर सलग आठ तास चालवला की जादा डिझेलची उष्णता पिस्टन, हेड गॅस्केट आणि लायनर या इंजिनाच्या भागांवर येते. गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाची, मर्यादाही वाढवली असेल, तर पीटीओचे (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचे) मिनिटाला 540 फेरे ओलांडले जाऊन रोटाव्हेटरची गिअरपेटी आणि पाती यांना धोका होतो. त्यामुळे ज्या ट्रॅक्टरवर घरची शेती अवलंबून आहे त्याचा पंप कंपनीच्या मापावरच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 मध्ये घेतला. म्हणून क्राऊन-पिनियन किंवा हाफ शाफ्ट हे मागील चाकांना ताकद पोचवणारे भाग तुटले तर सुटा भाग कुठून मिळेल याची खात्री स्पर्धेपूर्वीच करून घ्यावी. हे भाग बहुधा सलग ओढीने तुटत नाहीत, तर साखळी सैल ठेवून क्लच झटक्याने सोडल्यावर तुटतात. साखळी आधी ताणून घ्यावी आणि मगच जोर द्यावा.

ओढ वाढवायची तर चांगल्या नक्षीचे टायर आणि मागील चाकांवरचे वजन हा खरा मार्ग आहे. मात्र स्पर्धा संपताच जादा वजने काढून ठेवावीत. जमिनीच्या वरच्या थरातील दडपण, म्हणजे माती दाबून घट्ट होणे, टायरमधील हवेवर बरेच अवलंबून असते, पण खोलवरचे दडपण मुख्यतः ॲक्सलवरच्या एकूण भारामुळे येते आणि ते रोटाव्हेटरने मोडत नाही. गोदाकाठच्या काळ्या जमिनीत वाफसा येण्याआधी असा जड ट्रॅक्टर घातला, तर पुढच्या कांद्याच्या मुळांना त्याचा त्रास होतो. खोल नांगरटीत मात्र चाके 15 टक्क्यांहून जास्त घसरत असतील, तर थोडे वजन ठेवणे योग्यच आहे. द्राक्षबागेच्या ओळींत या ट्रॅक्टरचे काम नाही. तेथे लहान ट्रॅक्टरच वापरावा.

सुरक्षिततेचा मुद्दा कोणी विचारलेला नाही, तरी तो सांगणे भाग आहे. साखळी नेहमी खालच्या हुकालाच लावावी. टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या जोडदांड्याच्या) जागी किंवा ॲक्सलच्या वर कोठेही लावल्यास पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटायला दीड सेकंदाच्या आसपासच वेळ लागतो. जुन्या ट्रॅक्टरांना बहुधा संरक्षक चौकट नसते. ती आणि सीट बेल्ट बसवल्याशिवाय स्पर्धेत उतरू नये. साखळी तुटून फेकली जाते, म्हणून तिच्या रेषेत प्रेक्षक उभे राहू देऊ नयेत. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून एकमेकांना ओढण्याचा, म्हणजे टोचनाचा प्रकार तर पूर्ण टाळावा. पंजाबमध्ये ऑक्टोबर 2023 मध्ये ट्रॅक्टरच्या कसरतीत एका तरुणाचा मृत्यू झाल्यावर तेथील सरकारने अशा कसरतींवर बंदी घातली. ट्रॉली मागे घेण्याच्या स्पर्धेत चालकाचे कौशल्य जास्त दिसते आणि यंत्राची झीज कमी होते, हे जाता जाता नमूद करतो.

तिसऱ्या प्रश्नाबाबत एवढेच सांगतो की, स्वस्त किंमत पाहून घाई करू नये. पंपाचे सील शाबूत आहे का ते पाहावे, मागील हाऊसिंगचे (मागच्या ॲक्सलच्या गिअरपेटीचे) तेल काढून त्यात लोखंडाचा चुरा आहे का ते तपासावे, हाऊसिंगच्या जोडावर वेल्डिंगच्या खुणा शोधाव्यात आणि तासभर प्रत्यक्ष नांगर चालवून तापमानाचा काटा पाहावा. नोंदणी 15 वर्षांची झाली असेल तर तिचे नूतनीकरण विक्रेत्याकडूनच करून घ्यावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, तसेच विम्याच्या नेहमीच्या अटींत शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. म्हणून स्पर्धेतील अपघाताची भरपाई कोण देणार, हे आयोजकांकडून नाव नोंदवण्यापूर्वी लेखी घ्यावे.