राजीनामा नको, मसुदा लिही

प्रिय मुली,

ग्रामपंचायत सदस्यपदाचा राजीनामा लिहून ठेवलास आणि वर त्यावर माझं मत मागतेस. भाषा झकास आहे. फाडून टाक.

मासिक सभेत सरपंच तुला बोलू देत नाहीत, तुझा विषय विषयपत्रिकेवर येत नाही, 'ऐनवेळचे विषय' अध्यक्षांच्या मर्जीवर चालतात, हे सगळं कळलं. पण एवढ्या लांबलचक तक्रारीत तुला नेमका कोणता ठराव मांडायचाय ते कुठेच नाही. मसुदा कुठे आहे?

जॉर्ज नॉरिस हे नाव तू ऐकलं नसशील. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या मॅककुक गावचा. 1903 मध्ये तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात, प्रतिनिधीगृहात, पोचला. त्याच वर्षी जोसेफ कॅनन सभापती झाले. कोणाला कुठल्या समितीवर घ्यायचं ते कॅनन ठरवणार, कुठलं विधेयक चर्चेला घ्यायचं हे ठरवणाऱ्या नियम समितीचे अध्यक्षही तेच, आणि कुणाला बोलू द्यायचं तेही त्यांच्याच हातात. शिवाय नॉरिसच्याच पक्षाचे. तुझे सरपंच त्यांच्यापुढे गरीब गाय म्हणायचे.

सभापतींना नियम समितीतून बाहेर काढण्याचा ठराव नॉरिसने लिहिला आणि खिशात ठेवला. मांडायला वाटच नव्हती, पण कागद मात्र जवळ बाळगला. मार्च 1910 मध्ये जनगणनेचं एक काम कॅनन यांना रांग मोडून पुढे घ्यायचं होतं. जनगणना राज्यघटनेत सांगितलेली आहे, म्हणून तिला अग्रक्रम, असा त्यांचा मुद्दा. 17 मार्चला नॉरिस उठला. सभागृहाने आपले नियम स्वतः करावेत हेही घटनेतच लिहिलंय, मग माझ्या ठरावालाही अग्रक्रम द्या! आणि खिशातला कागद बाहेर आला. रात्रभर सभागृह चाललं, गैरहजर सदस्यांना धरून आणायला माणसं धाडली. 19 तारखेला कॅनन यांनी ठराव नियमबाह्य ठरवला, सभागृहाने तो निर्णयच फिरवला, आणि ठराव 191 विरुद्ध 156 मतांनी पास झाला.

लगोलग कॅनन यांना सभापतिपदावरूनच हटवायचा प्रस्ताव आला. नॉरिसने त्याच्या विरोधात मत दिलं. त्याचं भांडण नियमाशी होतं. (तुझ्या पत्रात सरपंचांच्या नव्या गाडीचा उल्लेख दोनदा आलाय. गाडीचा इथे काय संबंध?)

नशीब होतं म्हणशील. संधी कॅनन यांनीच दिली हे खरं, पण त्या घटकेला मसुदा लिहायला बसला असता तर ती गेलीच असती.

पुढे तो सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, गेला. 1917 मध्ये पहिल्या महायुद्धात उतरण्याविरुद्ध मत देणारे सहाच सिनेटर होते, त्यांतला हा एक. शिव्या खाल्ल्या, जागा सोडली नाही. अलाबामातल्या मसल शोल्सचा सरकारी धरण-वीज प्रकल्प मोटारवाले हेन्री फोर्ड घ्यायला निघाले, तेव्हा हा आडवा आला. वीज लोकांच्या मालकीची राहावी म्हणून त्याने आणलेलं विधेयक 1928 मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी अडवलं, 1931 मध्ये हूवर यांनी. 1933 मध्ये रूझवेल्ट आले आणि मे महिन्यात टेनेसी खोरे प्राधिकरणाचा, म्हणजे नदीवरची धरणं आणि वीज सरकारच्याच हाती ठेवणाऱ्या संस्थेचा, कायदा झाला. इतक्या लवकर कसा? मसुदा तयार होता म्हणून! त्याच नमुन्यावर 1948 मध्ये आपलं दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं. त्याची सुरुवातीची आखणी झाली तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं.

1942 मध्ये नेब्रास्कानेच नॉरिसला निवडणुकीत पाडलं. मलाही पाडलंच की. पंचायत समितीत मला 'कारकून' म्हणायचे, कारण बाकीचे सभात्याग करून फोटो काढत आणि मी आत बसून ठरावाचे शब्द दुरुस्त करत असे. म्हणोत. वाड्यांच्या पाण्याचे जे ठराव झाले ते आत बसलेल्यांमुळे झाले. मोर्चे मीही काढले असते, आवाज माझाही बरा होता. वाईट एवढंच वाटतं की हे नंतरच्या पोरांना शिकवायचं राहून गेलं, आणि आता तूही सोडून जायला निघालीस.

पुढच्या सभेची नोटीस निघायच्या आत ठराव लेखी दे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून पोच घे. घेतला नाही तर तशी नोंद इतिवृत्तात मागून घे. आणि मसुदा आधी मला पाठव, पाणीपट्टीच्या आकड्यांत तुझी नेहमी गफलत होते.

तुझा,
काका